बाकाला बाक नको

मराठीत ‘बाक’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक बाक बसायचा किंवा काम करायचा, दुसरा काठीला, फळीला, थकलेल्या पाठीला येतो तो. शेडमध्ये कामाचा बाक करायला घेतलेल्या माणसाची निम्मी लढाई पहिल्यात दुसरा शिरू न देण्याची असते. उरलेली निम्मी, तो हलू न देण्याची.

हलणाऱ्या बाकावर रंधा मारला की हाताचा जोर लाकडात कमी आणि बाक ढकलण्यात जास्त जातो. करवतीखाली फळी थरथरते, काप रेषेवरून सरकतो. लवचीक पृष्ठभागावर पटाशी ठोकली तर हातोड्याचा निम्मा घाव पृष्ठभाग गिळतो आणि खाच दुप्पट वेळाने होते. नवशिक्या माणसाला वाटतं आपला हात वाईट आहे. बहुतेक वेळा हात बरा असतो, खालचा बाक वाईट असतो.

म्हणून स्वस्तात बाक करताना पैसा कुठे वाचवायचा हे आधी ठरवावं. दिसण्यात वाचवा, लाकडाच्या जातीत वाचवा, शोभेच्या सांध्यांत वाचवा, पॉलिशमध्ये तर खुशाल वाचवा. ताठपणात वाचवू नका. सुदैवाने ताठपणा विकत घ्यावा लागत नाही. तो बराचसा लाकूड कसं ठेवलं आहे यातून फुकट मिळतो.

दोन बाय चार इंची आडवी, म्हणजे पायांना जोडणारा आडवा दांडा, सपाट झोपवून ठेवली आणि तीच कडेवर उभी ठेवली, तर उभी जवळजवळ चौपट ताठ असते. कारण वाकण्याला होणारा विरोध रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो, उंचीच्या मात्र घनाच्या प्रमाणात. प्लायवूडचंही तेच. १८ मिमीचे दोन तुकडे नुसते एकावर एक ठेवले तर एकाच्या दुप्पट ताठपणा मिळतो, कारण वाकताना ते एकमेकांवरून घसरतात. तेच दोन तुकडे पूर्ण पृष्ठभागावर गोंद लावून चिकटवले की ३६ मिमीचा एक फळा होतो आणि ताठपणा आठपट होतो. म्हणजे पाव किलो गोंद चौपट फरक पाडतो. या कामात एवढी स्वस्त गोष्ट दुसरी नाही. नुसते स्क्रू मारून दोन थर जोडणारे नेमकं हेच गमावतात.

तर एक आठ बाय चारचं, १८ मिमी प्लायवूडचं शीट घ्यायचं. मिमीत ते २४४० × १२२०. आधी लांबीत मधोमध फाडायचं. पात्याच्या जाडीत ३-४ मिमी जातात, म्हणून प्रत्येक पट्टी ६०८ ची मिळते. मग प्रत्येक पट्टी १८३० वर आडवी कापायची. हाती येतात १८३० × ६०८ चे दोन तुकडे, त्यांचा वरचा फळा. आणि साधारण ६०७ × ६०८ चे दोन चौकोन. हे चौकोन बाजूला फेकू नका. बाकाची दोन टोकं तेच बंद करणार आहेत आणि पुढे-मागे होणारी डगडग तेच थांबवणार आहेत. शीट संपलं, वाया गेला तो भुसा.

कापताना एक बारीक गोष्ट. विजेच्या गोल करवतीचे दात खालून वर येतात, म्हणून चांगली बाजू खाली ठेवायची. हातकरवतीचे दात वरून खाली जातात, तिथे चांगली बाजू वर. उलट केलंत तर छिलके नेमके दिसणाऱ्या बाजूला निघतात. कारखान्यातून आलेली सरळ कड बाकाच्या पुढच्या अंगाला ठेवा. घरी कापलेली कड मागे भिंतीकडे गेली तर तिचं वाकडेपण कोण बघतो.

प्लायऐवजी काय चालेल, हा प्रश्न येतोच. जुनं दार चालतं, पण ते आतून भरीव हवं. पोकळ दाराच्या दोन पातळ थरांमध्ये जाळी आणि हवा असते. क्लॅम्प आवळला की चेपतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, अतिशय सपाट आणि जड असतो, दोन्ही बाकाला हवेच, पण दमट शेडमध्ये त्याच्या कडा पाणी पिऊन फुगतात आणि कडेत घातलेला स्क्रू धरत नाही. पार्टिकल बोर्डचं नाव काढू नये. अखंड लाकडाच्या फळ्या छान दिसतात, पण त्या धाग्याला आडव्या दिशेने फुगतात-आकसतात. ६०० मिमी रुंदीत कोरड्या आणि दमट ऋतूमध्ये ५-६ मिमीचा फरक सहज पडतो, आणि तो फरक स्क्रूंनी जखडून ठेवायला गेलं की फळी चिरते. प्लायचे थर एकमेकांना काटकोनात असल्यामुळे हा त्रास जवळजवळ नसतो.

उंचीबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे. कामापुरतं सांगायचं तर सरळ उभं राहावं, हात खाली सोडावेत, पंजा जमिनीला समांतर करावा. तळहात जिथे येतो ती उंची रंधा-करवतीसाठी चांगली. अनेकांची ती ८५० मिमीच्या आसपास येते. बारीक जोडकाम, सोल्डरिंग असलं नजरेचं काम जास्त असेल तर १०० मिमी वाढवा. उंच झालेला बाक पाय कापून खाली आणता येतो. उलटं करायला ठोकळे लावावे लागतात, आणि ते कायम ठोकळ्यांसारखेच दिसतात.

आता सांगाड्याचं लाकूड. ५० × १०० चे, ३ मीटर लांबीचे चार दांडे पुरतात. रंधून मिळणारा माल प्रत्यक्षात ३८ × ८९ असा भरतो. तोही चालेल, फक्त चारही दांडे एकाच मापाचे हवेत. घेताना प्रत्येक दांड्याच्या एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकाकडे बघावं. थोडा बाक चालतो, तो बोल्टने ओढून सरळ होतो. पीळ चालत नाही. पिळलेलं लाकूड कुठल्याही सांध्यात गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसत नाही आणि सगळ्या सांगाड्याला आपल्यासारखं करतं. हाताला गार आणि जड लागणारं लाकूड ओलं असतं. ते घेतलंच तर शेडमध्ये मध्ये पट्ट्या घालून, थप्पी करून काही आठवडे ठेवावं. ओल्या लाकडाचा बाक करता येतो, पण तो बाक तुमच्या देखत स्वतःचा आकार ठरवतो.

मालवाहू पॅलेटचं लाकूड फुकट मिळतं म्हणून बरेचजण तिकडे वळतात. त्यावरचा शिक्का वाचावा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेला असतो. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते घरी आणू नये. शिक्का नसेल किंवा फळीवर कसले तरी डाग असतील तरी सोडून द्यावं. पॅलेटच्या फळ्या पातळ असतात, त्यामुळे पायांना त्या निरुपयोगी. खालच्या कप्प्याला मात्र उत्तम. पिळाच्या खिळ्यांसकट निघतात, तेव्हा करवत लावण्यापूर्वी प्रत्येक खिळा शोधून काढा.

खरी गंमत पायांत आहे. जुने सुतार पायात खाच कोरून आडवी त्यात बसवत, कारण वजन लाकडावर टेकलं पाहिजे, स्क्रूवर लटकलं नाही पाहिजे. आडवी नुसती पायाला बाहेरून स्क्रूने मारली तर सगळा भार चार-पाच मिमीच्या लोखंडी काडीवर येतो. काडी तुटत नाही, पण तिच्या भोवतीचं लाकूड हळूहळू दबतं, भोक लांबट होतं आणि वर्षभरात बाक कुरकुरायला लागतो. मग माणूस आणखी स्क्रू मारतो. आणखी भोकं, आणखी कुरकुर.

खाच कोरायला पटाशी, हात आणि मुख्य म्हणजे बाक लागतो. आणि बाकच तर नाही! यावर तोड अशी की खाच कोरायचीच नाही, पाय चिकटवतानाच ती सोडायची. प्रत्येक पाय दोन थरांचा. बाहेरचा थर अखंड, ८३० मिमी. आतला थर दोन तुकड्यांत: खाली १५० चा, मग आडवीच्या रुंदीएवढी मोकळी जागा, मग ४८० चा, मग पुन्हा वर आडवीएवढी जागा. १५०, १००, ४८०, १०० यांची बेरीज ८३० होते. खालची आडवी १५० च्या तुकड्यावर बसते, वरची ४८० च्या तुकड्यावर. भार लाकडावरून लाकडावर उतरत जमिनीपर्यंत जातो. स्क्रू-बोल्टांना फक्त जागेवर धरून ठेवण्याचं काम उरतं.

दोन दांड्यांतून प्रत्येकी १४०० च्या दोन, अशा चार आडव्या निघतात. उरलेल्या दोन दांड्यांतून प्रत्येकी ८३० चे दोन, ४८० चे दोन आणि १५० चे दोन. बेरीज २९२०, करवतीच्या कापांचे वीसेक मिमी धरले तरी तीन मीटरमध्ये बसतं. टोकाला चीर असेल आणि थोडं कमी पडलं तर आडव्यांच्या दांड्यांतून उरलेले २०० चे तुकडे आहेतच.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे मोकळी जागा मापपट्टीने आखणं. दांडा शंभरचा म्हणून विकला तरी तो ९७ असतो, नाहीतर १०२. जागा आडवीवरूनच आखा: १५० चा तुकडा गोंद लावून बसवला, त्यावर आडवीचा तुकडा उभा टेकवला, त्याला भिडवून ४८० चा तुकडा बसवला, आडवी काढून घेतली. ३८ × ८९ चा माल असेल तर मधला तुकडा ४८० ऐवजी सुमारे ५०२ चा येतो. तोही वरून आडवी ठेवून, पायाच्या माथ्याशी जुळवून आखावा. सुतळीभर सैल जागा राहिली तर चालेल असं वाटतं. ती सैल जागाच पुढे हलते. खाचेत बाहेर आलेला गोंद ओला असतानाच पुसा, नाहीतर वाळल्यावर आडवी शिरणार नाही आणि पटाशी शोधत बसाल.

पाय एक दिवस वाळू द्यावेत. मग दोन पाय जमिनीवर, आतली बाजू वर करून ठेवायचे आणि त्यांच्या खाचांत वरची-खालची आडवी घालायची. ही झाली पुढची चौकट, अशीच मागची. गुण्या प्रत्येक कोपऱ्यात लावून बघण्यापेक्षा दोन्ही कर्ण मोजणं जास्त भरवशाचं. कर्ण सारखे तर चौकट काटकोनात. एक कर्ण ४ मिमी लांब भरला तर त्याच्या टोकांकडून दाबायचं, दोन्ही समान होईपर्यंत. मगच भोकं पाडायची. प्रत्येक सांध्याला एक १० मिमीचा बोल्ट आणि दोन स्क्रू. म्हणजे आठ बोल्ट, सोळा स्क्रू. बोल्ट १२० ते १३० मिमी लांब, नटाखाली मोठा वॉशर हवाच, नाहीतर नट लाकडात रुतत जातो. तिघांची भोकं एका उभ्या रेषेत घेऊ नका, तिरकी मांडा. एकाच धाग्यावर तीन भोकं म्हणजे लाकडाला इथून फाट असं सांगणं.

स्क्रूबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय राहवत नाही. वरच्या तुकड्यात स्क्रूच्या जाडीचं मोकळं भोक हवं आणि खालच्या तुकड्यात त्याहून बारीक. ५ मिमीच्या स्क्रूला नरम लाकडात ३, कठीण लाकडात साडेतीन. दोन्ही तुकड्यांत आटे धरले तर त्यांच्यामधली फट तशीच राहते, स्क्रू कितीही पिळला तरी मिटत नाही. आणि काळे जिप्सम बोर्डचे स्क्रू वापरू नका. ते कडक पण ठिसूळ असतात. आडव्या धक्क्याला मान टाकतात.

दोन्ही चौकटी समोरासमोर उभ्या करून टोकांना प्लायचे चौकोन लावायचे: गोंद, आणि ४० मिमीचे स्क्रू प्रत्येक पायावर पाच. चौकोनाची वरची कड पायाच्या माथ्याशी जुळवा. एवढं झालं की सांगाडा पुढे-मागे ढकलून बघा. हलणार नाही. चार बाजूंची चौकट ढकलली की समांतरभुज होते; प्लायचा अखंड तुकडा तसं होऊ देत नाही. आता लांबीच्या दिशेने ढकला. इथे तो अजून थोडा हलतो. रंधा याच दिशेने चालतो, म्हणून मागच्या अंगाला एका पायाच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या खालच्या भागापर्यंत दीड मीटरची एक तिरपी फळी गोंद-स्क्रूने मारायची. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले की विषय संपला. शेडची भिंत दगड-विटांची असेल तर सांगाडा तिलाच बोल्टने जखडता येतो. पत्र्याची असेल तर पत्र्याला हात लावू नका, फक्त तिच्या खांबांना. पत्र्याला जोडलेला बाक म्हणजे ढोल.

शेडची जमीन कधीच सपाट नसते. चार पाय अचूक सारखे कापले तरी बाक तिघांवर उभा राहतो, चौथा लटकतो. म्हणून वर फळा चढवण्याआधी सांगाडा त्याच्या कायमच्या जागी ठेवा, पायांखाली पाचरी सारून पाणसळीने दोन्ही दिशांना समतल करा. मग सगळ्यांत मोठी फट जेवढी असेल त्याहून किंचित जाड ठोकळा घ्या, त्यावर पेन्सिल आडवी धरा आणि ठोकळा जमिनीवरून सरकवत प्रत्येक पायाभोवती रेघ ओढा. जमिनीचे चढउतार पायावर उमटतात. त्या रेघेवर कापलं की पाय त्या जमिनीचे होतात. वरचा ३६ मिमीचा फळा धरून ८५० उंची हवी तर पाय ८१४ चा लागतो. ८३० मधले १५-१६ मिमी यासाठीच राखलेले होते. जमीन फारच उतरती असेल तर पाय सुरुवातीलाच थोडे लांब कापा, वाढ तळाच्या १५० च्या तुकड्यात घाला. नेहमीचे तीन मीटरचे दांडे तेव्हा अपुरे पडू शकतात.

पायांचे तळ म्हणजे लाकडाच्या उघड्या नळ्या. ओल तिथूनच वर चढते. पाणी घालून पातळ केलेल्या गोंदाचे दोन हात द्या, वाळल्यावर खाली प्लॅस्टिकचा किंवा फरशीचा तुकडा ठेवा. वाळवीलाही त्यामुळे लपून चढता येत नाही.

फळा चिकटवण्याचं काम मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. चिकटवताना फळा ज्याच्यावर पडलेला असतो त्याचा आकार तो जन्मभर धरतो. ओबडधोबड जमिनीवर चिकटवला तर जमिनीचा पीळ ३६ मिमी जाडीत गोठतो आणि नंतर रंध्याने काढावा लागतो. त्याऐवजी समतल केलेला सांगाडाच साचा म्हणून वापरा. आधी तोही तपासा: दोन्ही टोकांना वरच्या आडव्यांवर एकेक सरळ, समान रुंदीची पट्टी आडवी ठेवायची आणि एक डोळा मिटून पलीकडच्या पट्टीची वरची कड अलीकडच्या कडेशी ताडून बघायची. कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. एका बाजूला उघडलेल्या दिसल्या तर आडवीची उंच बाजू रंधून काढा.

मग आडव्यांवर जुने कागद अंथरून खालचा थर ठेवा, लाकडाचा पांढरा गोंद पूर्ण पृष्ठभागावर पसरा. जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेला कातरीने दाते पाडले की पसरायला चांगलं हत्यार होतं. वरचा थर असा ठेवा की दोन्हींचे बाक एकमेकांविरुद्ध पडतील. हाताशी पाच ते दहा मिनिटं असतात, त्यामुळे क्लॅम्प, वजनं, स्क्रू सगळं आधी मांडून ठेवलेलं हवं. कडांना क्लॅम्प, मध्ये खालून ३० मिमीचे स्क्रू दर २०० मिमीवर. जाडी ३६ असल्यामुळे टोक वर येत नाही. पुढे लाकूड अडवायच्या खुंट्यांची भोकं पाडायची तिथे स्क्रू नकोत, ड्रिलचं बीट त्यांच्यावरच जाऊन आदळतं. एक पूर्ण दिवस हात लावू नये. उतावळ्यांनी तोवर खालच्या कप्प्याच्या फळ्या कापाव्यात, प्रत्येकी ५०० च्या आसपास.

फळा सांगाड्याला लोखंडी कोनपट्ट्यांनी, सहा ठिकाणी, २५ मिमीच्या स्क्रूंनी जोडा. वरून स्क्रू मारला तर एक दिवस रंध्याचं पातं त्याला शोधून काढतं. दोन्ही टोकांना सुमारे २०० मिमी फळा बाहेर राहतो, तो क्लॅम्प लावायला. पुढच्या बाजूला पाय फळ्याच्या कडेशी समपातळीत असतात आणि आडवी ५० मिमी आत. म्हणून उभी फळी पायाला टेकवून धरता येते आणि पुढच्या कडेलाही क्लॅम्पचं तोंड बसतं.

सगळं मिळून वजन साधारण ६० किलो भरतं. रंध्यासाठी ते कमीच. खालच्या कप्प्यात वाळूच्या दोन गोण्या ठेवल्या की ते दुप्पट होतं. वर फळ्याखाली खण करण्याचा मोह मात्र टाळावा. क्लॅम्पचे दांडे आणि खुंट्या तिथूनच खाली येतात, आणि शेडमधला खण काही महिन्यांत भुशाने भरतो.

शिकंजा, म्हणजे लाकूड जबड्यांत आवळून धरणारा व्हाइस, ही सगळ्यांत महाग वस्तू, तेव्हा ती नंतर. तोवर फळ्याच्या टोकाला स्क्रूने मारलेली १२ मिमी जाडीची पट्टी रंध्याला ठेपी म्हणून पुरते. करवतीसाठी २५० × २०० ची फळी घेऊन तिच्या एका कडेला वरून आणि समोरच्या कडेला खालून एकेक पट्टी मारायची. खालची पट्टी बाकाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकतं. २० मिमीची पाच-सहा भोकं आणि त्यांत बसणाऱ्या खुंट्या, सोबत दोन पाचरी, एवढ्यावर बरंच काही धरता येतं. शिकंजा आला की उजव्या हाताने काम करणाऱ्याने तो पुढे डाव्या टोकाला, शक्यतो पायाजवळ लावावा. मागचा जबडा फळ्याच्या कडेशी अगदी समपातळीत हवा. दोन मिमी जरी पुढे आला तरी लांब फळी कधीच सपाट धरली जात नाही. ठोकायचं सगळं काम पायाच्या वर. फळ्याच्या मध्यावर ठोकणाऱ्याला बाक दोष देत नाही, पण आवाजावरून कळतं.

पॉलिश म्हणून फक्त उकळलेलं जवसाचं तेल, कापडाने दोन हात, वर-खाली दोन्ही बाजूंना. चकचकीत व्हार्निशवर लाकूड घसरतं. तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत वाळतं, त्यात उष्णता निघते, आणि घडी पडलेल्या कापडात ती साठून आपोआप पेट घेऊ शकते. बोळे उघड्यावर पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत. लाकडाच्या शेडमध्ये ही सूचना दारावर लिहून ठेवण्याजोगी आहे.

पहिल्या काही महिन्यांत लाकूड आकसून वॉशरखाली सैल होतं. पाना घेऊन आठही नट एकदा आवळावेत, ऋतू पालटला की पुन्हा. वरचा पृष्ठभाग गोंदाच्या डागांनी, पटाशीच्या घावांनी आणि चुकून खोल गेलेल्या ड्रिलने भरला की सहा कोनपट्ट्या सोडवायच्या आणि फळा पालथा घालायचा. मधल्या स्क्रूंची भोकं तेवढी भुसा-गोंद कालवून बुजवावी लागतात.